मदत हवी आहे: सी मध्ये रॅण्डमची स्टेट सेव्ह कशी करायची?

कणाद_८
सिम्युलेशन मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालवायचंय. बाकी सगळं फाइलीत लिहितो, पण रॅण्डमची स्टेट, म्हणजे आकडे कुठवर आलेत ती आतली नोंद, कशी काढू? तोच सीड (सुरुवातीचा आकडा) दिला की आकडे पहिल्यापासून सुरू होतात. शुक्रवारी निकाल द्यायचेत, लवकर सांगा.

आडवाट
सिस्टिम कुठली? आकडे सी च्या रॅण्ड() फंक्शनमधूनच घेताय का? थोडा कोड टाका.

सोपं_करा
लूपमध्ये एसरॅण्ड(टाइम), म्हणजे घड्याळावरून सीड देणं, लिहिलं असणार. ते मेनमध्ये एकदाच हवं, नाहीतर सेकंद बदलेपर्यंत तोच आकडा येत राहतो.

कणाद_८
नाही हो, एकदाच आहे, सीड ४२. लिनक्स, जीसीसी, रॅण्ड().

आडवाट
मग रॅण्ड() सोडा. त्याची स्टेट लायब्ररीच्या पोटात असते, स्टँडर्ड सी मध्ये ती बाहेर काढायची सोयच नाही. त्याऐवजी ईरॅण्ड४८() हे फंक्शन घ्या. त्याला तीन अनसाइन्ड शॉर्टचा ॲरे आपणच देतो, तीच स्टेट. एफराइटने फाइलीत टाका, उद्या वाचून परत द्या.

भारद्वाज
४८ बिटांच्या स्टेटवर मोठं सिम्युलेशन चालवू नका! झोशिरो२५६ हा रॅण्डम जनरेटर घ्या. ब्लॅकमन आणि विन्या यांचा आहे, कोड पानभरसुद्धा नाही, स्टेट फक्त ३२ बाइट. मर्सेन ट्विस्टर या दुसऱ्या जनरेटरचे ६२४ शब्द सांभाळावे लागतात. त्यात लोक ॲरे सेव्ह करतात आणि त्यातला कितवा शब्द चालू आहे तो इंडेक्स राहून जातो.

आडवाट
शुक्रवार तोंडावर आलाय आणि तुम्ही त्यांना जनरेटर बदलायला सांगताय. ईरॅण्ड४८() लायब्ररीत तयार आहे.

कुलूपकिल्ली
ओटीपी किंवा पासवर्डसाठी यातलं काहीही वापरू नका. गेटरॅण्डम() वापरा.

कणाद_८
ओटीपी नाही, मॉण्टे कार्लो (रॅण्डम आकड्यांवरून उत्तराचा अंदाज काढणं) आहे. आठ थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचे आठ भाग, एकाच वेळी चालतात.

भारद्वाज
हे आधी सांगायला हवं होतं! रॅण्ड()ची स्टेट आठही थ्रेडमध्ये एकच. कुठला आकडा कुठल्या थ्रेडला जाईल ते प्रत्येक वेळी बदलतं, म्हणजे सीड तोच ठेवूनही निकाल जुळणार नाहीत. शिवाय ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) प्रत्येक कॉलला लॉक घेते, तोवर बाकीचे थ्रेड थांबतात, वेग जातो तो वेगळाच. प्रत्येक थ्रेडला स्टेट ठेवायला स्वतःचा स्ट्रक्ट (वेगळा डबाच म्हणा) द्या. झोशिरोत जंप() आहे, एका कॉलमध्ये २ चा १२८ वा घात इतकी पावलं पुढे नेतं, त्यामुळे थ्रेडचे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. आठ स्टेट मिळून २५६ बाइट, एकाच एफराइटमध्ये जातात.

आडवाट
थ्रेड असतील तर भारद्वाज म्हणतात तेच करा. नॉर्मल वितरणाचे आकडे बॉक्स-म्युलर पद्धतीने काढता का? त्यात जोडी निघते, उरलेला दुसरा आकडाही सेव्ह करावा लागतो.

कणाद_८
हो, तो फंक्शनमध्ये स्टॅटिक (कॉल संपला तरी टिकणारा) ठेवलाय.

आडवाट
म्हणजे तोही आठ थ्रेडमध्ये एकच झाला. स्ट्रक्टमध्ये हलवा.