शल्यचिकित्सा प्रशिक्षणाच्या मुलाखतीत तुम्हाला काय विचारले गेले? (अनुभव धागा)

नीलाक्षी
आमच्या विभागातील एक कनिष्ठ सहकारी नुकतीच फेलोशिपची मुलाखत देऊन आली आणि तिला विचारलेला पहिलाच प्रश्न ऐकून मला माझी मुलाखत आठवली. पॅनेलमधील ज्येष्ठ सरांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारले होते, "बेटा, रात्र-रात्र उभे राहावे लागते, घरच्यांना चालणार आहे का?" लॉगबुकात नोंदवलेल्या माझ्या शस्त्रक्रियांविषयी एकही प्रश्न आला नाही. सरांचा सूर उर्मट असता तर उत्तर देणे सोपे गेले असते; परंतु तो काळजीचा असल्यामुळे हरकत घेणारी मीच उर्मट ठरले असते. आपले अनुभव लिहावेत, संस्थेचे वा व्यक्तीचे नाव मात्र नको.

रेवा_म
ऑर्थोच्या (अस्थिशल्यचिकित्सेच्या) मुलाखतीत, "सांधा बसवायला ताकद लागते, जमेल का?" निखळलेला खांदा ताकदीने नव्हे, तर स्नायू सैल पडल्यावर योग्य दिशेने सावकाश ओढल्याने बसतो, आणि मांडीच्या हाडासाठी पाय ताणून धरणारे ट्रॅक्शन टेबल असते, असे मी सांगितले. सगळे कौतुकाने हसले आणि पुढचा प्रश्न लग्नाविषयी आला.

माधवी
मला हातमोज्यांचे माप विचारले होते! सहा म्हटल्यावर, "मग स्टेपलर कसा पेलणार?" शस्त्रक्रियेत टाके मारणाऱ्या या स्टेपलरची मूठ मोठ्या पंजासाठी घडवलेली असते, हा दोष उपकरणाचा आहे, लहान हाताचे पुरुषही तो दोन्ही हातांनी दाबतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

अजिंक्य
माझी पत्नी त्या वेळी गरोदर होती. मी ते सांगताच पॅनेलने अभिनंदन केले आणि आता मी अधिक मन लावून काम करीन, असे स्वतःच ठरवूनही टाकले. माझ्या पाठोपाठ आत गेलेल्या वर्गमैत्रिणीला मात्र, लग्नही झालेले नसताना, मूल केव्हा होऊ देणार ते विचारले गेले. तेच मूल माझ्या खात्यात जमेला आणि तिच्या खात्यात खर्चाला पडले होते.

जुना_वैद्य
दुसरी बाजूही मांडतो. एक जण दीर्घ रजेवर गेला की त्याच्या ऑन-कॉल (बोलावताच हजर राहण्याच्या) रात्री उरलेल्यांच्या माथी येतात, आणि कामाच्या पाळ्यांचे रोस्टर लावणाऱ्याला ती चिंता असतेच. ती चिंता खोटी नाही.

नीलाक्षी
काका, चिंता खरी आहे, पण बदली डॉक्टर नेमणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे आणि तिचे उत्तर उमेदवाराने का द्यावे? प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून दुसऱ्या शाखेत जाणाऱ्या पुरुषांमुळेही रोस्टर कोलमडते, तरीही "तुम्ही टिकाल ना?" हा प्रश्न त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

गार्गी_शल्य
मी अलीकडे पॅनेलवर बसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मुलाखतीपूर्वी येणाऱ्या शिफारसपत्रांतच निम्मे काम झालेले असते: मुलाबद्दल "हात उत्तम, निर्णय जलद" आणि मुलीबद्दल "मनमिळाऊ, कष्टाळू". पुढे "व्यक्तिमत्त्व" नावाच्या रकान्यात ज्याला जे वाटेल ते गुण देता येतात, आणि एकाच ठाम उत्तराला एकीकडे आत्मविश्वास तर दुसरीकडे आगाऊपणा म्हटले जाते. आम्ही तो रकाना काढून टाकला. सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो आणि आपापसांत बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून ठेवायचे, असा नियम केला. अखेरच्या अटीला सर्वाधिक विरोध झाला, कारण पहिले मत ज्येष्ठांनी द्यायचे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, ही सवय तिच्यामुळे मोडते.

अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाच्या जागांची सांगड घालणाऱ्या 'मॅच' व्यवस्थेच्या आचारसंहितेत कौटुंबिक स्थितीविषयीचे असे प्रश्न टाळण्याची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. कागदावर नियम असल्याने प्रश्न थांबतातच असे नाही, पण हरकत घेणाऱ्याला आधार मिळतो.

अजिंक्य
क्षमतेची शंका असणाऱ्यांसाठी: कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात स्त्री शल्यचिकित्सकांच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यू किंचित कमी आढळले. फरक लहान होता, त्यामुळे उलट्या बाजूने बढाई मारण्याचे कारण नाही.

माधवी
बढाई नको, पण योग्य मापाचा स्टेपलर तरी द्या!

नवी_निवासी
सर्वांचे वाचून धीरही आला आणि धास्तीही वाटली. माझी मुलाखत जवळ आली आहे. लग्नाविषयी विचारलेच तर काय बोलावे?

गार्गी_शल्य
"प्रशिक्षणाचा कालावधी आणि ऑन-कॉलच्या अटी मला माहीत आहेत व मान्य आहेत" एवढे शांतपणे सांगून त्याच दमात आपल्या एखाद्या अवघड केसकडे वळ. बहुतेक पॅनेलला नाकारलेले उत्तर खटकते, वळवलेले खटकत नाही. हे अन्यायाचे आहे, पण त्या खोलीत तुला जागा मिळवायची आहे. बाहेर आल्यावर प्रश्न शब्दशः, तारखेसह लिहून ठेव. तक्रार करायची की नाही ते निकालानंतर ठरवता येईल.