पार्किंग ग्रुप: गिअरबॉक्स बदलला, पण लॉक-अप लागत नाही

सी-६०४: नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बदलून घेतला. गिअर छान पडतात, झटका नाही. पण ८० च्या स्पीडला आरपीएम पूर्वी १८०० असायचा, तो आता २०५० वर राहतो. पेट्रोलही जास्त लागतंय. गॅरेजवाले म्हणतात, लॉक-अप लागत नाही, बॉक्स परत उतरवून कन्व्हर्टर बदलू. कोणाला माहिती आहे का यातलं?

ए-३०२: काका, इतक्यात बॉक्स उतरवू देऊ नका, कळकळीने सांगतोय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, त्यात थोडी घसर होतेच. स्पीड स्थिरावला की आतला क्लच चिकटतो आणि घसर थांबते, हाच लॉक-अप. पण चिकटायचं की नाही, हे कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन आणि तेल पुरेसं गरम हवं, ब्रेकवर पाय नको, ॲक्सिलरेटर स्थिर हवा. यातलं एक जरी नसलं तर क्लच चांगला असूनही लागत नाही.

बी-११०१: दादा, माझी एएमटी आहे. मीही बघून घेऊ का?

ए-३०२: नाही ताई, एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. त्यात मॅन्युअलसारखाच क्लच असतो, फक्त तो मशीन दाबतं.

सी-६०४: स्कॅनर लावला होता. कोड एकही नाही.

ए-३०२: लॉक-अपच्या बिघाडाचा पी०७४० किंवा पी०७४१ कोड आला असता तर सोलेनॉइड (तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), वायरिंग, कन्व्हर्टर असा शोध घेतला असता. कोड नाही, तर चालत्या गाडीत लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे, बघायचे. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ते जमणार नाही. रविवारी सकाळी आमण्याहून समृद्धीला लागा. गाडी तुम्ही चालवा, स्कॅनर मुलाकडे द्या. कूलंटचं तापमान, ब्रेक स्विच, इंजिन आणि टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सकडचं चाक) आरपीएम, एवढंच लिहून आणा. ब्रेक स्विच बघाच. बऱ्याच गाड्यांत त्याला दोन कॉन्टॅक्ट असतात, त्यामुळे मागचे दिवे बरोबर लागूनही कॉम्प्युटरला चुकीचा सिग्नल जाऊ शकतो.

सी-६०४: जाऊन आलो. सपाट रस्त्याला ८० वर इंजिन २०५०, टर्बाइन १८००. ब्रेक ऑफ. तापमान माजिवड्याच्या सिग्नलला ८८ होतं, समृद्धीवर उतरत उतरत ५८ वर आलं.

ए-३०२: टर्बाइन १८०० म्हणजे बॉक्स बरोबर गिअरमध्ये आहे, तुमचा जुना आकडा तोच होता. लॉक-अप लागला असता तर इंजिनही १८०० वर आलं असतं. खटकतंय ते ५८. चालू हायवेला ते ९० च्या आसपास हवं. बॉक्सच्या तेलाचा कूलर बहुधा रेडिएटरमध्येच असतो, म्हणजे कामाच्या वेळी कूलंट काढलं असणार. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आहे का ते बघायला सांगा. गाडी तापायला नको म्हणून तो काढून टाकायची वाईट सवय आपल्याकडे आहे. ट्रॅफिकमध्ये फरक कळत नाही. हायवेला वारा लागला की इंजिन गार पडतं, आणि कॉम्प्युटर समजतो गाडी अजून गरमच झालेली नाही.

सी-६०४: दादा, हाउसिंग उघडलं तर आत नुसती रबरी रिंग! थर्मोस्टॅट नाहीच. नवीन बसवला. आज नाशिक हायवेला ७५ च्या स्पीडपुढे आरपीएमचा काटा अलगद खाली आला, पूर्वी यायचा तसा. फार आभार तुमचे.

डी-२०३: म्हणजे आता काम संपलं ना?

ए-३०२: दोन गोष्टी राहिल्यात. सी-६०४ काका, बॉक्सच्या तेलाची लेव्हल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपासून घ्या, गार असताना ती कमी दिसते. आणि बॉक्स बदलल्यावर कॉम्प्युटरमधली जुनी ॲडाप्टेशन (जुन्या बॉक्सप्रमाणे शिकलेली सेटिंग) पुसून नव्याने शिकवलीत का, ते विचारा. कन्व्हर्टरसाठी ॲडव्हान्स दिला असेल तर तो आजच परत मागा, पार्ट मागवण्याआधी.