वर्गात येशूची प्रार्थना, रात्री दशावतार: त्या पोस्टला माझं उत्तर

सुरंगी: परवा एका अमेरिकन बाईंची पोस्ट सगळ्यांनी डोक्यावर घेतली. आपल्या किनाऱ्यावरच्या एका गावात त्या आठ महिने इंग्रजी शिकवत होत्या. रोज वर्गाआधी येशूची प्रार्थना घेतली, जत्रेत दशावतार पाहिला, शिमग्यात ढोलावर नाचल्या, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं. शेवटी लिहिलंय, माझी श्रद्धा आणि इथली संस्कृती मी एकत्र जगले.

माझी भाची त्या वर्गात होती. तिसरीत आहे. गृहपाठ झाला की वही मिटून म्हणते, ‘आमेन’. जेवून ताट उचललं की ‘आमेन’. विचारलं तर म्हणाली, इंग्रजीत ‘संपलं’ला तसं म्हणतात. घरातले सगळे हसले. मला हसू आलं नाही. पोरीने आठ महिने डोळे मिटून काय म्हटलं, ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाईंना दशावतार आवडला याचा मला आनंदच आहे. पण शंखासुराचा कंटाळा आला असता तर त्या उठून खाजं घ्यायला जाऊ शकत होत्या. आठ वर्षांचं मूल वर्गातून उठून कुठे जाणार? मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बाई म्हणतील ते मूल करतं, म्हणूनच बाईंनी जपून राहायचं असतं. राज्यघटनेचं कलम २८ वाचा. मान्यताप्राप्त शाळेतसुद्धा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत बसवता येत नाही.

रापण: ताई, तुमी तालुक्याच्या गावात रवतास. आमच्या वाडीत इंग्रजी शिकवूक कोण इलो? शाळेत चार इयत्तांका एक मास्तर, तोय अर्धो म्हयनो मीटिंगीक. ह्यां चेडू रोज संध्याकाळी दोन तास बसायचां. माझो झील आता बोटीच्या इंजिनाचा इंग्रजी पुस्तक वाचून दाखयता. धर्म बदला म्हणान एक शब्द बोलूक नाय. आणि वर्ग समाजमंदिरात होतो, शाळेत नाय. तुमचा कलम थंय लागता काय?

सुरंगी: नाही लागत. तेवढं मान्य. पण कलम लागत नाही म्हणून पालकांना विचारायचंच नाही का?

कोरांटी: श्रद्धा घेऊन येणारे इथे नवे आहेत का? इंग्लंडचे धर्मप्रचारक फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये राचोलला येशूची कथा सांगणारं त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही आपल्या मराठी ओवीत. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. मिशनच्या डॉक्टरांनी माझ्या पणजीला बाळंतपणात वाचवलं. ती देव्हाऱ्यासमोर दिवा लावतच म्हातारी झाली. तिला कोणी बाटवलं नाही.

सुरंगी: पणजीला वाचवलं त्यांना माझा नमस्कार. पण स्टीफन्सचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, म्हणून ते पुराण रचलं. त्यांचं ओवीवरचं प्रेम खरं आणि प्रचारही खरा. मी तेच सांगतेय.

नेवरी: मी मालवणचा कॅथलिक. मस्कतमध्ये ११ वर्षं गणित शिकवलं. तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) आम्ही शुक्रवारी ऐकायचो. रमझानात मुलांसमोर पाण्याचा घोटही घेतला नाही. ईदला पोरं हलव्याचे डबे आणायची, मी बोटं चाटून खायचो. वर्गात धर्माचा शब्द काढला नाही. कोणी नाताळाबद्दल विचारलं तर मात्र नीट सांगायचो. माझी श्रद्धा दिसायची ती नापास होणाऱ्या पोराला मी सुट्टीत शिकवायचो त्यात. त्यामुळे बाईंचं चुकलं असंच मला वाटतं.

पण सुरंगीताई, आता तुमच्या शाळेबद्दल बोलू. दसऱ्याला मी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायचो, झेंडूचं फूल ठेवायचो, हात जोडायचो. माझ्या आईला कोणत्या बाईंनी विचारलं होतं?

घाटमाथा: सरस्वती विद्येची देवता आहे. ती संस्कृती आहे, धर्म नव्हे. उगाच तुलना करू नका.

नेवरी: तुमचं ते संस्कृती आणि आमचं ते धर्म, हे कोण ठरवणार? तुम्ही पुण्यात बसून?

घाटमाथा: एवढा त्रास होत होता तर पाटी काढायची नव्हती.

नेवरी: त्रास झाला असं मी म्हटलेलं नाही! मला ती पाटी आवडायची. माझी सरस्वती वर्गात सगळ्यात सुबक असायची, वीणेच्या तारासुद्धा एकाच्याच. चतुर्थीला शेजारून नेवऱ्या आमच्याकडे यायच्या, नाताळात आमच्या त्यांच्याकडे जायच्या, त्याच डब्यातून. मला फक्त कोणी विचारलं नव्हतं, एवढंच सांगतोय.

कोरांटी: मग पाटीपूजनही बंद करायचं? एकेक सण काढून टाका, म्हणजे शाळेत फक्त पोर्टलवर माहिती भरायची राहील.

रापण: ता काम तर मास्तर आताच करतत. म्हणान तर वर्गात नसतत.

सुरंगी: बंद करा असं कोणीच म्हटलं नाही. रात्रभर यावर विचार केला. माझ्या वर्गात दोन ख्रिस्ती मुलं आहेत आणि एक मुस्लीम मुलगी. बारा वर्षांत मी एकाही आईला विचारलेलं नाही. नेवरी, हे तुमच्यामुळे कबूल करावं लागतंय आणि मला ते जड जातंय. यंदा दसऱ्याआधी विचारीन. पण त्याने त्या बाईंची प्रार्थना बरोबर ठरत नाही. यावरून मी हटणार नाही.

नेवरी: हटू नका. मीही तेच म्हणतोय.

रापण: बाई गेल्यार वर्ग बंद पडलो तां कोणी बोलूक नाय. समाजमंदिराची चावी माझ्याकडे असा. सोमवारपासून संध्याकाळी शिकवूक कोण येतलो तां सांगा.