मॅथ रॉकमध्ये बँड शोधताय? गिटारवाला सोडा, ड्रमर धरा

तिरपा_ठेका:
मॅथ रॉक म्हणजे वाकड्या, सतत बदलणाऱ्या मात्रांचं रॉक. 'ते कुठून सुरू करू?' असं कुणी विचारलं की ठरलेली यादी तोंडावर फेकली जाते. आधी स्लिंट या बँडचा 'स्पायडरलँड' अल्बम, मग डॉन कॅबलेरो हा बँड, आणि वर 'हे झेपलं नाही तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही' असा शेरा. नवखा माणूस दोन गाणी ऐकतो आणि पळतो.

माझं म्हणणं असं, की इथे बँड ड्रमरच्या मागे जाऊन शोधावेत. गिटारवाला सात मात्रांत विणो की अकरा. ते गाणं म्हणून उभं राहणार की नुसता रियाज वाटणार, हे ड्रम्सवर ठरतं.

सुरुवात टोकियोच्या 'टो' या बँडपासून करा. २००५ चा अल्बम, नाव मारुतीच्या शेपटीसारखं: 'द बुक अबाउट माय आयडल प्लॉट ऑन अ व्हेग अँग्झायटी'. गिटार स्वच्छ, जवळजवळ लाजऱ्या. पुढे असतो तो ड्रमर काशिकुरा ताकाशी. मोठे ठोके सोडून द्या, त्यांच्या मधे स्नेअरवर (सेटमधला कडक आवाजाचा ड्रम) तो जी हलकी टकटक पेरतो ती ऐका. मात्रा मोजायची गरजच पडत नाही.

तिथून बॅटल्सचा 'मिरर्ड' (२००७). ड्रमर जॉन स्टॅनियर, आधी 'हेल्मेट' या बँडमध्ये होता. त्याची क्रॅशची झांज इतकी उंच टांगलेली असते की मारायला हात पूर्ण वर न्यावा लागतो, म्हणून ती जपूनच वाजते आणि वाजली की कळते. मग हेलाचा 'होल्ड युअर हॉर्स इज' (२००२), ड्रमर झॅक हिल, जो पुढे डेथ ग्रिप्स या बँडमध्ये गेला. आणि शेवटी, शेवटीच, डॉन कॅबलेरोचा 'अमेरिकन डॉन' (२०००), ड्रमर डेमन चे.

---

खर्जातला:
साफ असहमत. 'स्पायडरलँड' नंतरसाठी ठेवायचा म्हणजे पाया घर बांधून झाल्यावर खणायचा.

१९९१ चा अल्बम, सहाच गाणी, चाळीसेक मिनिटं. तो बाजारात येईपर्यंत बँड मोडलाही होता. अवघड काय आहे त्यात? 'नॉस्फेरातू मॅन'मधलं कडवं पाच मात्रांत आहे, हे मला कितीतरी वेळा ऐकून झाल्यावर कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर नुसती भीती वाटत होती, आणि तीच त्या गाण्याची कमाई. पुटपुटल्यासारखं बोलणं, मग अचानक अंगावर येणारा आवाज. इथे ड्रमर धरून काय मिळणार? ब्रिट वॉलफोर्ड वाजवतो छान, पण हा अल्बम शांततेवर उभा आहे.

---

सहा_तारा:
मी गिटारवाला, तेव्हा पक्षपाती आहे हे धरून चाला.

'अमेरिकन फुटबॉल' या बँडचा १९९९ चा अल्बम ड्रमरमुळे ऐकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यातलं 'नेव्हर मेंट' हे गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवून बघा, हात लागत नाही. जाड तारेपासून एफ, ए, सी, जी, सी, ई अशा तारा लावल्या की मोकळ्या तारांतूनच तो हुरहुर लावणारा नाद येतो. दोन गिटार एकमेकींच्या फटींत सूर टाकत जातात. सगळी जादू तिथे आहे.

शिवाय तुमचा सिद्धांत हेलावरच आपटतो. झॅक हिल ठेका धरतो कुठे? तो तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा अखंड कोसळत असतो.

---

तिरपा_ठेका:
@सहा_तारा, हेलात माणसं दोनच. हिल कोसळतो तेव्हा गिटारवाला स्पेन्सर सीम रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) घट्ट धरून बसतो. भूमिकांची अदलाबदल आहे, आणि ती कळते ड्रम्सकडे लक्ष दिल्यावरच. अमेरिकन फुटबॉलमध्ये ट्रम्पेट कोण वाजवतं? स्टीव्ह लेमोस, म्हणजे ड्रमरच! :)

@खर्जातला, भीतीबद्दल वाद नाही. पण पहिल्याच दिवशी घाबरवायचं कशाला?

---

साधा_श्रोता:
सगळं वाचलं. सुचवलेल्यातलं थोडंफार ऐकलंही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गणित भरपूर, गाणं कुठाय? गुणगुणता येईल अशी एक ओळ नाही. आणि सात मात्रांचं एवढं कौतुक कशाला? रूपक ताल सातचाच असतो, लोक शतकभर डोलतायत त्यावर.

---

खर्जातला:
रूपकाचं आवर्तन ठरलेलं असतं हो. गवई कुठेही भटकला तरी सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक, म्हणून तर दाद जाते. डॉन कॅबलेरो तुम्हाला सम लागली म्हणेपर्यंत आवर्तनाची लांबीच बदलतात. सातची सवय इथे फार पुरत नाही.

---

तिरपा_ठेका:
इथे खर्जातला यांच्याशी सहमत (नोंद घ्यावी).

एक भर. कित्येकदा ठेका सरळ चारचाच असतो आणि वाकडं फक्त रिफ असतं. सातचा रिफ चारदा वाजतो तेवढ्यात चारचा ठेका सातदा फिरतो आणि २८ मात्रांनंतर दोघं पुन्हा पहिलीवर भेटतात. ती भेट ऐकू यायला लागली की या संगीताचं व्यसन लागतं. म्हणून म्हणतो, पाय ड्रमरबरोबर ठेवा आणि कान गिटारकडे पाठवा. बॅटल्सच्या 'अॅटलस'मध्ये स्टॅनियर दणकट, झुलता, अगदी सोपा ठेका धरतो आणि वरच्या सगळ्या माकडचेष्टा त्यामुळे पचतात.

@साधा_श्रोता, गुणगुणायला हवं असेल तर क्योतोच्या ट्रायकॉटचा 'टी एच ई' (२०१३) ऐका. खाली मात्रांची मोडतोड चालू असते आणि वर इक्कियु नाकाजिमा सरळ पॉप चाली गाते. भाषा जपानी, पण चाल डोक्यात बसते.

---

रिकामी_वही:
तुम्ही सगळे अल्बम-अल्बम करताय. मला हा प्रकार मोबाइलवर सापडला, गिटारवाली इव्हेट यंगच्या टॅपिंगच्या (दोन्ही हातांच्या बोटांनी तारा ठोकून वाजवणं) छोट्या क्लिपांतून. तिथून तिच्या कोव्हेट बँडचा 'एफ्लोरेस' (२०१८), मग चॉनचा 'ग्रो' (२०१५). ना ड्रमर धरला, ना पाया खणला. काय बिघडलं?

---

सहा_तारा:
काहीच नाही. +१.

---

तिरपा_ठेका:
बिघडत काही नाही, पण क्लिपमध्ये बोटं दिसतात, गाणं दिसत नाही. चॉनची मला तीच अडचण आहे. प्रत्येक मिनिट चकचकीत, पण गाणं कुठे निघालंय याचा पत्ता नाही. 'अमेरिकन डॉन'मध्ये इयन विल्यम्स (हाच पुढे बॅटल्समध्ये) गिटारचा तुकडा लूप पेडलमध्ये अडकवतो, तो फिरत राहतो, त्यावर दुसरा चढतो आणि डेमन चे त्या चाकाभोवती धुमाकूळ घालतो. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं, त्यामुळे ड्रम्स खोलीत समोर मांडल्यासारखे. हे अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये कसं मावणार?

---

रिकामी_वही:
मावत नाही, मान्य. पण क्लिप नसती तर मी या धाग्यावर आलेच नसते.

आणि ड्रमर की गिटार यात बेसला कुणी विचारलंच नाही. तैवानचा एलिफंट जिम बघा. मुख्य चाल बेसवर असते, केटी चँग वाजवते, तिचा भाऊ गिटारवर तिला साथ करतो. 'अंडरवॉटर' (२०१८) लावा. तुमच्या दोघांच्याही थिअरीत हा बँड कुठे बसतो ते सांगा.

---

खर्जातला:
लावलाय. बेस खरंच पुढे आहे. पण स्लिंट आधीच.