जखम ‘भरली’ की ‘मिटली’?

पाटीपेन्सिल: मधुमेहींच्या पायावरच्या जखमा फोटोवरून मोजायच्या, त्यासाठी परिचारिकांचं सूचनापत्रक मराठीत करतेय. ‘वूंड क्लोजर’ला ‘व्रण भरणे’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘व्रण’ची ‘जखम’ केली, ‘भरणे’ ठेवलं. ॲप फक्त क्षेत्रफळ देतं. ‘भरणे’ चालेल?

मलमपट्टी: नाही. जखम तळातून भरते आणि कडांनी मिटते. साध्या फोटोत मिटणंच मोजता येतं. खोल जखमेत लाल दाणेदार मांस वर येत असतं, पण कडा जागच्या जागी. आकडा हलत नाही आणि उपचार उगाच बदलले जातात. जखमेची खोली सळईने किंवा त्रिमितीय कॅमेऱ्यानेच कळते. जखम बरी होतेय का हे ठरवायचा ‘4 आठवड्यांत 50% घट’ हा निकषही क्षेत्रफळाचाच. ‘मिटणे’ लिहा.

अवग्रह: पण ‘व्रण’ का खोडला? सुश्रुतसंहितेत शुद्ध व्रण (स्वच्छ), रुह्यमाण व्रण (भरत येणारा), रूढ व्रण (भरून आलेला) अशा अवस्थाच दिल्या आहेत. तयार परिभाषा टाकून देऊ नये.

कोयरी: संस्कृतात ठीक. मराठीत व्रण म्हणजे मागे राहिलेली खूण, ‘वण’ त्याचाच. ‘व्रणाचा फोटो काढा’ म्हटलं तर जुन्या डागाचे फोटो येतील.

अवग्रह: मग जठरव्रण (पोटातला अल्सर) हा काय जठरावरचा डाग?

मलमपट्टी: शब्द कुठलाही घ्या, पत्रकात हे हवंच: आधी सलाइनने धुऊन मलम पुसा. मृत मांस काढायचं असेल तर फोटो त्यानंतर, दर वेळी त्याच टप्प्यावर. काढल्यावर जखम मोठी दिसते. मोजपट्टी जखमेच्या पातळीत, कॅमेरा काटकोनात. तिरका धरला की क्षेत्रफळ कमी भरतं. फ्लॅश नको, ओल्या भागावर चकाकी येऊन रंग चुकतात. नुसतं लांबी गुणिले रुंदी केलं तर गोल जखमसुद्धा 27% मोठी निघते.

पाटीपेन्सिल: 405 नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशातल्या फोटोंना ‘प्रतिदीप्ती’ (फ्लुओरेसन्स) म्हणू?

कोयरी: ‘जांभळ्या उजेडातला फोटो’ म्हणा. खोलीत अंधार करा, लाल चमक दिसली तर जिवाणूंचा संशय, निळसर हिरवी असेल तर स्यूडोमोनास या जिवाणूचा, एवढं कळलं पाहिजे. आणि एस्करला, म्हणजे जखमेवरच्या मृत थराला, ‘खपली’ लिहू नका. खपली धरली म्हणजे बरं होतंय असं लोक समजतात.

अवग्रह: त्याला ‘कोथ’ आहे की!

मलमपट्टी: कोथ म्हणजे गँगरीन. एस्कर हा काळा, कडक मृत थर; तो दिसला म्हणजे गँगरीनच असं नाही.

अवग्रह: कोथ म्हणजे मुळात कुजणं. गँगरीनपुरता तो आपणच आखडून टाकलाय.