संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याधच का? पंचेचाळिशीनंतर सगळ्यांनी मोठ्या आतड्यात दुर्बीण (कोलोनोस्कोपी) टाकून घ्यावी का?

मांजराकाठचा:
आमच्या काकाला दीड वर्ष संडासवाटे रक्त जायलं होतं, गावातल्या डॉक्टरनं मूळव्याध म्हणून गोळ्या-मलम दिलं, घरच्यांनी तिखट बंद करून सुरण खाऊ घातलं. शेवटी बार्शीला नेलं तर गुदाशयात कॅन्सरची गाठ, आता पोटाला शौचाची पिशवी आहे. अमेरिकेत २०२१ पासून त्रास नसला तरी ४५ ला आतडं तपासा म्हणायलेत. आधी पॉलिप येतो, म्हणजे मांसाची बारीक वाढ, त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात, तेवढ्यात दुर्बिणीतूनच काढला की विषय संपला. आपल्याकडं सरकार तोंड, स्तन, गर्भाशयमुख तपासतं, आतड्याचं नावच नाही. करायला पाहिजे का नको?

बालाघाटी:
नको. काकांचं वाईट वाटलं, पण त्यांना लक्षण होतं राव, तिथं चूक निदानाची झाली, स्क्रीनिंगचा, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीचा, काय संबंध? आपल्याकडं ह्या कॅन्सरचं प्रमाण तिकडच्यापेक्षा बरंच कमी आहे. अन् २०२२ च्या युरोपातल्या नॉर्डिक अभ्यासात दुर्बिणीला बोलावलेल्यांत १० वर्षांत कॅन्सर १८ टक्केच कमी झाला, मृत्यूत म्हणावा तसा फरक नाही. ठणठणीत माणसं रांगेत बसली तर रक्त जाणाऱ्याचा नंबर कधी लागायचा?

गोदाकाठ:
अर्धंच सांगायलात. बोलावलेल्यातले ४२ टक्केच गेले होते, न गेलेले पण हिशोबात धरलेत. पंगतीला निम्मे आलेच नाहीत अन् उपाशी राहिले म्हणून आचाऱ्याला बोल!

बालाघाटी:
तेच तर म्हणतो. तिथं घरी पत्र येऊन ४२ टक्के, इथं पोट साफ करायचं औषध पिऊन रात्रभर संडासला कोण पळणार, ते पण टँकरच्या पाण्यावर?

सिस्टर_परभणी:
हसू आलं पण खरंय 😅 मी दुर्बिणीच्या खोलीतच काम करते. मधला रस्ता आहे की, फिट म्हणून शौचाची टेस्ट असते, डोळ्याला न दिसणारं रक्त कळतं, पॉझिटिव्ह आला त्यालाच दुर्बीण. पण ज्याला दिसायलंय त्यानं फिट करत बसू नये, सरळ पोटाच्या डॉक्टरकडं. आमच्याकडं येणारे निम्मे तरी बसस्टँडवरच्या 'बिना ऑपरेशन' बोर्डाकडून जाऊन आलेले असतात.

गोदाकाठ:
ते १२ पैकी १२ बरे झालेलं इंजेक्शन काकाला चाललं नसतं का?

सिस्टर_परभणी:
डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कचा अभ्यास, २०२२, बाराही जणांची गाठ गेली, ना ऑपरेशन ना रेडिएशन. पण पेशीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या गाठीलाच ते लागू पडतं, गुदाशयाच्या कॅन्सरात शंभरातले ५ ते १० असे. बायोप्सीवर एमएमआर टेस्ट, म्हणजे ही यंत्रणा बघणारी टेस्ट, झालीय का बघा. हा बिघाड कधी कधी घराण्यात चालत येतो, म्हणून घरच्यांच्या तपासणीसाठी पण तो रिपोर्ट कामाचा असतो.

मांजराकाठचा:
फाईल बघतो. वडलांना दुर्बिणीचं बोललो तर म्हणतात मला काय झालंय.

बालाघाटी:
सख्ख्या भावाला झालंय ना, मग त्यांची करूनच घ्या. त्याला कुठं विरोध आहे माझा.