डोमकळी, कवडी आणि फरदड

प्रश्न : कृषी सल्ल्यात ‘डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात’ असं छापून येते. डोमकळी म्हणजे पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) पातीच का? कळ्याच तोडल्या तर बोंडं कुठून येतील?

— नाही भाऊ, पातीला हात लावू नका. पाती म्हणजे तीन झालरदार हिरव्या पानांत झाकलेली कळी. डोमकळी हे फूलच असतं, पण अळीनं उमलू न दिलेलं. गुलाबी बोंडअळी कळीत शिरते, आतलं खाते आणि पाकळ्यांची टोकं आपल्या धाग्यानं बांधून टाकते. फूल मग गुलाबाच्या कळीसारखं पिळून राहतं. नखानं टोक सोडवलं की बारीक धागे ताणून तुटताना दिसतात, तळाशी विष्ठा आणि अळी सापडते. लहानपणी ती पांढुरकी असते, डोकं तेवढं तपकिरी; गुलाबी रंग मोठेपणी चढतो. म्हणून ‘गुलाबी दिसली नाही’ म्हणून वावर सोडू नका.

आणखी एक घोटाळा होतो. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. ते मिटलेलं फूल डोमकळी नव्हे. डोमकळी सकाळीच शोधा, बाकीची ताजी फुलं उघडी असतात तेव्हा. वावरात फिरून १०० फुलं मोजा. १० डोमकळ्या निघाल्या की फवारणीची वेळ आली समजा. तोडलेल्या डोमकळ्या धुऱ्यावर (बांधावर) फेकू नका, अळी जमिनीत जाऊन कोष करते. साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात बुडवा.

— याला जोडून कामगंध सापळ्याचं, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी ठेवून बोंडअळीचे नर पतंग पकडणाऱ्या सापळ्याचं सांगतो. हेक्टरी ५ सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले तरी फवारणीची वेळ आली समजा. पऱ्हाटी वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो, आणि आतली गोळी पाकिटावरच्या मुदतीत बदलावी लागते. जुन्या गोळीच्या रिकाम्या सापळ्यावर भरवसा ठेवला की फवारणी उशिरा होते.

— ‘कवडी’ही सांगून टाकू. अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना छिद्र बुजून जातं. वरून बोंड धड दिसतं, म्हणून एकरी २० हिरवी बोंडं फोडूनच पाहावी. २ किडकी निघाली तर १० टक्के झालं, म्हणजे फवारणीची वेळच. पुढं बोंड फुटलं तरी किडक्या पाकळीतली (बोंडाच्या कप्प्यातली) रुई फुलत नाही, डागाळून घट्ट चिकटून राहते. ती कवडी. ‘कवडीमोल’मधली कवडी समुद्रातली, ही वावरातली. वेचताना तिला वेगळं गाठोडं करा. चांगल्या कापसात मिसळली तर सगळ्याच कापसाचा भाव पडतो.

— फरदडीला खोडवा म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. खोडवा उसाचा : कापणी होते, बुडातून नवे फुटवे येतात. फरदडीत पऱ्हाटी कापतच नाही. वेचे संपले की पाणी-खत देऊन तिच्यावरच पुन्हा पाती धरवतात. थोडा कापूस हाती येतो, पण अळीला डिसेंबरनंतरही खायला मिळत राहतं. हंगाम सरता सरता ती दोन सरक्या एकमेकींना जोडून मधल्या पोकळीत सुप्तावस्थेत बसते. न फुटलेली बोंडं लटकलेल्या पऱ्हाट्या सरपणाला म्हणून धुऱ्यावर रचल्या, तर तिथल्या अळ्यांचे पतंग नव्या पऱ्हाटीवर येतात. रचायच्या आधी निदान ती बोंडं तोडून जाळा.